जंगलात थांबवलेल्या माणसाला कलम सांगा

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबल प्रमुख), महाराष्ट्र राज्य,
वनभवन, नागपूर.

महोदय,



राज्यातल्या सुमारे ६२ हजार चौरस किलोमीटर वनजमिनीवर कायदा राखण्याची जबाबदारी आपल्या खात्याकडे आहे. महाराष्ट्राचा हा जवळपास पाचवा हिस्सा. या मुलखात पोलीस क्वचितच दिसतो. तिथे कायदा म्हणजे खाकीतला वनरक्षक, ज्याला आमच्याकडची म्हातारी माणसे अजून नाकेदार म्हणतात. तो वाट अडवू शकतो, कुऱ्हाड आणि बैलगाडी जप्त करू शकतो, वॉरंटाशिवाय अटकही करू शकतो. हे अधिकार त्याला कायद्याने दिलेले आहेत आणि ते त्याच्याकडे असायलाच हवेत, अशा मताची मी आहे. माझी मागणी वेगळी आहे. ज्याला थांबवले त्याला तिथल्या तिथे, लेखी, मराठीत कळवावे, की ही जमीन कोणत्या प्रकारचे वन आहे, तुला कोणत्या कलमाखाली थांबवले, तुझ्याकडून काय घेतले आणि दाद कुठे मागायची. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरते. म्हणून हे पत्र मंत्रिमहोदयांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे, कारण हा प्रश्न जंगलालगत राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

पूर्व विदर्भातल्या एका तालुका न्यायालयात मी वकिली करते. वनगुन्ह्यांची प्रकरणे माझ्याकडे बहुतेक आरोपीच्या बाजूने येतात. त्यातल्या एका प्रकरणातला एक कागद आपल्यासमोर ठेवते. गाव, माणूस, वनपरिक्षेत्र यांची नावे देत नाही, कारण तक्रार एखाद्या कार्यालयाविरुद्ध नाही.

तो कागद म्हणजे आरोपीचा जबाब. निळ्या शाईत, नेटक्या अक्षरात लिहिलेला. सुरुवात नेहमीची: समक्ष विचारल्यावरून राजीखुशीने लिहून देतो की. पुढे 'विनापरवाना', 'अवैधरीत्या', 'राखीव वनात अनधिकृत प्रवेश करून' असे शब्द. खाली डाव्या हाताचा अंगठा. ज्याचा तो अंगठा आहे तो साठी ओलांडलेला माणूस घरात माडिया बोलतो, मराठी त्याला बाजारहाटापुरती येते. अनधिकृत म्हणजे काय, असे मी त्याला विचारले. साहेबांना ठाऊक, असे उत्तर मिळाले. सोबतच्या जप्तीनाम्यात मुद्देमाल नोंदला होता: जळाऊ लाकडाची मोळी एक, कुऱ्हाड एक, वापरती जुनी सायकल एक. गुन्ह्याच्या रकान्यात 'भा. व. अ. १९२७ कलम २६', आणि त्यापुढे काही नाही.

भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ मध्ये आग लावण्यापासून झाड तोडण्यापर्यंत आणि दगड काढण्यापासून शिकारीपर्यंत कितीतरी कृत्ये येतात. त्यांच्या शिक्षाही सारख्या नाहीत. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तर राखीव वनातला अनधिकृत प्रवेश, गुरे चारणे आणि लाकूड तोडताना-ओढताना निष्काळजीपणाने केलेले नुकसान ही कृत्ये वेगळी काढली. त्यांना आता तुरुंगवास नाही. पाचशे रुपयांपर्यंत दंड आणि न्यायालय ठरवेल ती नुकसानभरपाई, एवढीच शिक्षा. याचा परिणाम थेट अटकेच्या अधिकारावर होतो. कलम ६४ प्रमाणे वन अधिकाऱ्याला वॉरंटाशिवाय अटक करता येते ती एक महिना किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यातच. ज्या गुन्ह्याला कैदच नाही, त्यात अटक बसत नाही. म्हणजे नुसता प्रवेश केला किंवा शेळ्या घुसवल्या म्हणून गुराख्याला नाक्यावर नेऊन रात्रभर बसवून ठेवण्याला आज कायद्याचा आधार उरलेला नाही. ही गोष्ट आपल्या किती वनरक्षकांना कोणी समजावून सांगितली आहे? मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी बहुतेकांना ती माहीत नव्हती, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

कायद्याने वनरक्षकाला काय दिले आहे ते सविस्तर सांगायला हवे, कारण गावात त्याबद्दल दोन टोकांच्या समजुती आहेत. काहींना वाटते की जंगलवाला म्हणेल तो कायदा. काहींना वाटते की त्याला पोलिसासारखा काही अधिकारच नाही, तो फक्त कागद रंगवतो. दोन्ही चूक. वनगुन्हा घडत असेल तर तो रोखणे हे कलम ६६ प्रमाणे वन अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. कलम ५२ खाली तो वनोपज आणि त्यासाठी वापरलेली हत्यारे, गाड्या, गुरे जप्त करू शकतो. पण जप्त केलेल्या मालावर खूण करणे आणि जप्तीचा अहवाल पुढे पाठवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. कलम ७२ खाली राज्य सरकार वन अधिकाऱ्याला साक्षीदार बोलावण्याचे, झडतीचे वॉरंट काढण्याचे, चौकशी करून पुरावा नोंदवण्याचे अधिकार देऊ शकते. तो पुरावा पुढे न्यायालयात ग्राह्य धरला जातो, मात्र आरोपीच्या समक्ष नोंदवला असेल तरच. माल सरकारचा आहे की नाही असा वाद उपस्थित झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच, असे कलम ६९ गृहीत धरते. कलम ७३ प्रमाणे वन अधिकारी लोकसेवक आहे, आणि सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल कलम ७४ त्याला संरक्षण देते. एवढे सगळे एका माणसाच्या हाती. आणि तो माणूस पदरचनेत सगळ्यात खालचा, बीटवर एकटा, बहुतेक वेळा हातात काठी आणि मोबाइल घेतलेला.

याच कायद्यात कलम ६२ आहे. त्याची आठवण सहसा कोणी काढत नाही. जप्तीचे निमित्त करून कोणाची मालमत्ता त्रास देण्यासाठी, विनाकारण जप्त करणाऱ्या वन किंवा पोलीस अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. इंग्रजांच्या राजवटीत झालेल्या, रयतेच्या जंगलावर सरकारचा ताबा राखणाऱ्या कायद्यातच ही तरतूद आहे. तडजोडीचे कलम ६८ खात्याला वनगुन्हे पैसे घेऊन मिटवण्याची मुभा देते, पण हा ६२ चा गुन्हा त्यातून वगळला आहे. जप्तीचा अधिकार देणाऱ्यांनाही त्याच्या गैरवापराची भीती होती, हे यावरून दिसते.

त्या भीतीला कारण होते. महात्मा फुल्यांनी १८८३ सालीच 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये फॉरेस्ट खात्याने डोंगर-दऱ्या आणि गायराने गिळल्यामुळे गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना उभे राहायला जागा उरली नाही, हे ठासून मांडले होते. पुढे १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला, तो याच १९२७ च्या कायद्याविरुद्ध. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि माणसे मेली.  स्वातंत्र्य आले, पण हा कायदा जवळजवळ तसाच राहिला. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने वने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेली, तरी जंगलात माणसाला थांबवण्याचा आधार बदलला नाही.

थांबवण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर हाती असावे लागते: ही जमीन नेमके कोणते वन आहे? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, आणि सरकारी पक्षाच्या केसेसही इथेच पडतात. कलम ४ ची अधिसूचना म्हणजे सरकारने राखीव वन करण्याचा इरादा जाहीर केला, एवढेच. त्यानंतर हक्कांची चौकशी व्हायची असते. कलम २० ची अधिसूचना निघाली की ती जमीन राखीव वन होते. कलम २६ मधली बहुतेक मनाई राखीव वनापुरती आहे. संरक्षित वनाचे प्रकरण निराळे, त्याचे गुन्हे कलम ३३ मध्ये. आणि मूळ कायद्याच्या कलम ६४(३) प्रमाणे संरक्षित वनातल्या गुन्ह्यासाठी विनावॉरंट अटक करायची तर ते कृत्य कलम ३०(क) खाली आधी मनाई केलेले असावे लागते. एवढा फरक दोन शेजारच्या कक्षांत असू शकतो. मधे एक नाला, अलीकडे अटक होते, पलीकडे होत नाही.

विदर्भात यावर झुडपी जंगलाची भर पडते. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगलाची जमीन १२ डिसेंबर १९९६ च्या आपल्याच गोदावर्मन आदेशाच्या अर्थाने वनच आहे, असे ठरवले. सुमारे ८६ हजार हेक्टरांचा हा प्रश्न. निकाल वनसंवर्धनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे आणि मी त्याचे स्वागत करते. पण त्याचा अर्थ नीट समजून घेतला नाही तर उद्या नवे अन्याय होतील. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यापुरती एखादी जमीन वन ठरली, की ती वनेतर कामासाठी देण्यावर सरकारचे हात बांधले जातात. त्या कायद्याचा रोख प्रामुख्याने सरकारवर, प्रकल्पांवर आहे. ती जमीन आपोआप कलम २० खालचे राखीव वन होत नाही. तिथून काटक्या नेणाऱ्या बाईवर कलम २६ लावायचे असेल तर राजपत्रातली अधिसूचना दाखवावी लागेल. या बारीक फरकाबद्दल खालच्या कर्मचाऱ्यांना खात्याकडून स्पष्ट लेखी सूचना गेली पाहिजे.

अधिसूचना, नोटीस, बजावणी हे तांत्रिक मुद्दे आहेत, गरिबाच्या मोळीच्या प्रकरणात ते कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी मुंबईकडे पाहावे. खासगी वने संपादन करण्याच्या १९७५ च्या महाराष्ट्र कायद्यावरून विक्रोळी, मुलुंड भागातल्या जमिनींचा वाद झाला. त्या जमिनींवर कारखाने होते, हजारो लोकांची घरे होती. १९५० च्या दशकात वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली काढलेली नोटीस हा सरकारचा आधार होता. ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉइस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नुसती नोटीस काढून भागत नाही, ती मालकाला बजावली पाहिजे आणि तिचा वेळेत पाठपुरावा झाला पाहिजे. कित्येक दशके पडून राहिलेल्या कागदाच्या जोरावर जमीन वन ठरवता येत नाही. निकाल बरोबर आहे. पण मग हाच न्याय गडचिरोलीतल्या भामरागडच्या माणसाला का नको? त्याच्या पायाखालच्या जमिनीची अधिसूचना कधी निघाली, तिच्या चौकशीत त्याच्या आजोबाला विचारले होते का, हे विचारायला त्याच्याकडे ज्येष्ठ वकिलांची फौज नाही. म्हणूनच ती माहिती खात्याने आपणहून द्यायला हवी.

आता २००६ च्या वनहक्क कायद्याकडे येते. माझ्या मते वनरक्षकाच्या अधिकाराचा कायदेशीर पायाच या कायद्याने बदलला, आणि आपल्या खात्याच्या रोजच्या छापील नमुन्यांना त्याचा पत्ता नाही. या कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, तेंदूपाने, मध, मेण, लाख यांच्याबरोबर जळाऊ काटक्या आणि खुंट हेही आहेत. ते गोळा करणे, वापरणे आणि विकणे हा वननिवासी आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासी यांचा हक्क आहे. २००८ च्या नियमांत वाहतुकीची साधने सांगितली होती: डोक्यावरचा भारा, सायकल, हातगाडी. मघाचा जप्तीनामा पुन्हा डोळ्यांसमोर आणा. मोळी एक, सायकल एक. कायद्याने ज्या वस्तूंची नावे हक्क म्हणून लिहिली, त्याच वस्तू मुद्देमाल म्हणून जप्त झाल्या होत्या. तोडलेले लाकूड ओले होते की वाळलेले, ते घरच्या चुलीसाठी होते की ढाब्यावर विकायला, यावर वाद होऊ शकतो, आणि तो न्यायालयाने ऐकावा. पण जप्तीनाम्यात लाकडाची जातही लिहिलेली नव्हती. त्या गावाचा सामूहिक वनहक्क मंजूर आहे की नाही, असा रकानाच त्या नमुन्यात नव्हता.

या बाबतीत आपल्या खात्याचा एक जुना झगडा सर्वांना माहीत आहे. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात पहिल्यांदा. पण गावाने बांबू विकायचे ठरवले तेव्हा वाहतूक परवाना मिळेना. बांबू हे झाड आहे की गवत, यावर घोळ चालला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. हक्क मंजूर झाल्यावर एक पुस्तक मिळायला केंद्रीय मंत्र्याला गावात यावे लागले. २०१२ च्या सुधारित नियमांनी तो अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे सोपवला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने बांबूला वन अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतून काढले. मेंढ्याच्या लोकांनी जे सांगितले तेच शेवटी कायद्याने मान्य केले.

वनहक्क कायद्याचे कलम ५ आपल्या कामाच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगाचे आहे. वन, वन्यजीव आणि जैवविविधता यांचे रक्षण करण्याचा अधिकार त्याने ग्रामसभेला दिला, आणि सामूहिक वनात कोणी काय न्यायचे याचे नियम करण्याचाही. मात्र अटकेचा अधिकार दिला नाही. गावाने सागाचा चोर पकडला तर त्याला पुढे न्यायला वनरक्षकच लागतो. वनरक्षकाला जंगलातली खबर गावाकडूनच मिळते. दोघांना एकमेकांची गरज आहे, आणि कायद्याने ती तशी मांडली आहे. जिथे ग्रामसभेची समिती आणि बीटचा वनरक्षक एकत्र गस्त घालतात, तिथे चोरटी तोड रोखणे सोपे जाते, हे आपले अधिकारीही खासगीत मान्य करतात. कागदोपत्री मात्र ग्रामसभा कुठेच नसते.

आता दुसरी बाजू. माझ्या अशिलांच्या विरोधात साक्ष देणाऱ्या वनरक्षकांबद्दल मला आदर आहे, हे मनापासून लिहिते. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात वाघांच्या खुणा नोंदवायला गेलेली एक वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. जानेवारी २०२२ मध्ये सातारा जिल्ह्यात एका गर्भवती वनरक्षक महिलेला मारहाण झाली, तिचे चित्रण सगळ्या देशाने पाहिले. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारले होते, की सशस्त्र तस्करांपुढे निःशस्त्र वनरक्षक कायदा राखणार कसा? प्रश्न अगदी रास्त आहे. त्यांना चांगली वाहने, वायरलेस, पुरेशी माणसे आणि जिथे खरीच गरज आहे तिथे शस्त्रेही मिळावीत. परंतु शस्त्राबरोबर माफी देण्याचा जो मार्ग मधूनमधून सुचवला जातो, तो घातक आहे. मे २०१२ मध्ये राज्य सरकारने जाहीर केले होते, की संशयित शिकाऱ्यावर वनरक्षकाने गोळी चालवली तर तो गुन्हा धरला जाणार नाही. मार्च २०१९ मध्ये केंद्राने वन अधिनियमाच्या दुरुस्तीचा मसुदा राज्यांकडे पाठवला. त्यातही बंदूक वापरण्याचा अधिकार आणि त्यासाठी संरक्षण होते. देशभरातून विरोध झाल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये तो मागे घेतला. बरे झाले. वनरक्षकाला संकटातून वाचवते ती त्याने केलेली कारवाई कलमाबरहुकूम आहे ही खात्री. तेव्हा लोकसेवकावरचा हल्ला म्हणून भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ त्याच्या बाजूने उभे राहते, आणि बचाव पक्षाच्या वकिलाला बोलायला जागा उरत नाही.

ती जागा कशी मिळते हे मी रोज पाहते. सागाच्या ओंडक्यांच्या एका प्रकरणात वनरक्षकाने रात्री जिवावर उदार होऊन गाडी अडवली होती. माल खरा होता, चोरही खरे होते. उलटतपासणीत त्याला विचारले गेले की हा कक्ष राखीव आहे हे कशावरून? त्याला कक्ष क्रमांक पाठ होता, अधिसूचनेची प्रत मात्र दप्तरात जोडलेली नव्हती. पंच दोघेही खात्याचेच रोजंदारी मजूर. जप्त ओंडक्यांवर हातोड्याची खूण कधी मारली, याची नोंद नव्हती. आरोपी सुटले. बाहेर आल्यावर तो वनरक्षक माझ्याशी दोन शब्द बोलला: मॅडम, आम्हाला हे शिकवतच नाहीत. त्या निकालाने जंगलाचे नुकसान झाले आणि त्या वनरक्षकाने जीव धोक्यात घातल्याचे चीज झाले नाही.

वन्यजीवांच्या गुन्ह्यांत तर ही काळजी दुप्पट हवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे न्यायालय दखल घेते ती कायद्यात नमूद केलेल्या किंवा अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या तक्रारीवरूनच. कलम ५०(८) खाली जबाब नोंदवण्याचा अधिकार सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या, रीतसर अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला आहे. खालच्या माणसाने घेतलेला जबाब त्या कलमाचा आधार मागू शकत नाही. आणखी एक वारा वाहतो आहे, त्याकडे खात्याने लक्ष द्यावे. २९ ऑक्टोबर २०२० रोजी तोफान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या कायद्याखालच्या तपास अधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, असे ठरवले. वन अधिकाऱ्यांच्या बाबतीत न्यायालयांची भूमिका आजवर वेगळी राहिली आहे. पण हा मुद्दा वनगुन्ह्यांत उचलला जाणार, आणि मी स्वतःही तो उचलेन. अंगठ्याच्या जबाबावर खटला उभा करण्याची सवय खात्याने आताच सोडली, तर पुढे पस्तावायची वेळ येणार नाही.

तडजोडीबद्दल थोडे. कलम ६८ खाली परिक्षेत्र अधिकारी किंवा त्यावरचा अधिकारी, ज्याच्यावर वनगुन्ह्याचा वाजवी संशय आहे त्याच्याकडून भरपाई घेऊन प्रकरण मिटवू शकतो. मूळ कायद्यात भरपाईची मर्यादा पन्नास रुपये आणि अधिकाऱ्याचा पगार निदान शंभर रुपये, असा काळ होता. राज्यांनी त्यात दुरुस्त्या केल्या. माझा आक्षेप रकमेला नाही. गावातला माणूस तिला दंड समजतो. आपण दोषी ठरलो असे त्याला वाटते. नाही म्हणून न्यायालयात जाण्याचा पर्याय आपल्याला आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. तालुक्याच्या एका तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तो मुकाट पैसे भरतो. गुन्हा न करताही भरतो.

तर मग आपल्या परिपत्रकात काय असावे? प्रत्येक वनरक्षकाकडे दोन प्रतींचे छापील पुस्तक द्यावे. थांबवले, जप्त केले किंवा अटक केली की एक प्रत समोरच्याच्या हातात. तीत बीट, कक्ष क्रमांक, मोबाइलवर मिळणारे अक्षांश-रेखांश, वनाचा प्रकार आणि अधिसूचनेची तारीख, पोटकलमासह कलम, जप्त मालाचे वर्णन, कर्मचाऱ्याचे नाव आणि पद. मागच्या बाजूला: अटक झाली तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेले पाहिजे, घरी कळवले पाहिजे, तडजोड नाकारता येते, आणि त्रासापोटी केलेली जप्ती हा कलम ६२ खाली गुन्हा आहे. डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये घालून दिलेले अटकेचे नियम पोलिसांशिवाय इतर सरकारी यंत्रणांनाही लागू आहेत, असे न्यायालयाने तेव्हाच म्हटले होते. पोलिसांच्या झडतीचे चित्रण करण्याची सक्ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने केली आहे. आपल्या खात्याने ती आपणहून स्वीकारावी. जबाब कोणत्या भाषेत दिला, दुभाषा कोण होता, हे जबाबावरच लिहिले जावे आणि दुभाष्याची सही असावी. सामूहिक वनहक्क मंजूर असलेल्या गावात जप्तीची एक प्रत ग्रामसभेच्या समितीला जावी. आणि प्रत्येक परिक्षेत्र कार्यालयात, तसेच त्या हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत, कक्षवार अधिसूचनांच्या प्रती कोणालाही पाहता येतील अशा ठेवाव्यात.

समोर कुऱ्हाडी घेतलेली टोळी उभी असताना चिठ्ठी कोण लिहीत बसणार, हा आक्षेप मी आपल्या अधिकाऱ्यांकडून ऐकला आहे. तो बरोबर आहे आणि त्याचे उत्तर कलम ६६ मध्ये आहे: आधी गुन्हा रोखा, जीव सांभाळा, मदत बोलवा. चिठ्ठी नंतर, माणूस ताब्यात आल्यावर. पण वनगुन्ह्यांच्या ज्या फायली माझ्या टेबलावर येतात त्यांत टोळ्या थोड्या आणि मोळ्या फार आहेत. मोळीवाल्याला चिठ्ठी द्यायला कसलाच धोका नाही.

काम एकदम सगळ्या राज्यात सुरू होणार नाही, हे मला कळते. गडचिरोली वनवृत्तातले एक परिक्षेत्र निवडावे आणि येत्या तेंदू हंगामाच्या आधी तिथे ही पुस्तके द्यावीत. वर्षअखेरीस त्या परिक्षेत्रातले गुन्हे, तडजोडी, शिक्षा आणि सुटका यांचे आकडे जाहीर करावेत. आधीच्या वर्षांशी तुलना करून मग पुढचा निर्णय घ्यावा. चिठ्ठीचा मजकूर माडिया आणि गोंडीत करून देणे, वनरक्षकांना कलमे समजावणे, उलटतपासणीत नेमके काय विचारले जाते ते दाखवणे, यासाठी आमच्या न्यायालयातले काही वकील वेळ द्यायला तयार आहेत, माझ्यासह. मानधन नको. परिक्षेत्र कोणते आणि तारीख कोणती, ते आपण कळवावे. आपले उत्तरही उघडच द्यावे, म्हणजे बीटवरचा वनरक्षक आणि मोळीवाला, दोघांनाही ते वाचता येईल.

आपली विश्वासू,
पूर्व विदर्भातल्या एका तालुका न्यायालयातली वकील